शाळेतील जागा : करवीर संस्थानाचा १९१९चा हुकूम आणि त्याचा वारसा

देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी, तेथून जवळच असलेल्या पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे या माळावर कारखान्यांची रांगच उभी राहिली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९९० नंतर उद्योगांचा हा पट्टा चाकणपर्यंत जाऊन पोहोचला. गावकीची कामे व शेतमजुरी मागे टाकून जी बौद्ध कुटुंबे या पट्ट्यात आली, त्यांनी डोक्यावर छप्पर होताच दोन गोष्टींचा शोध घेतला : एक विहार आणि दुसरी शाळा.

विहाराचा इतिहास आपण दरवर्षी २५ डिसेंबरला देहूरोड येथे जमून आठवतो. शाळेचा इतिहास मात्र आपण तितक्या आस्थेने आठवत नाही. कामगाराचे मूल महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसते, ही गोष्ट आज इतकी सवयीची झाली आहे की, ती कधी काळी कोणास मिळवावी लागली होती याचाच विसर पडतो. वस्तुतः वर्गातील ती जागा मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या काळात तत्त्वाची उणीव नव्हती. सर्वांना शिक्षण द्यावे, शाळेत भेदभाव नसावा, अशी वचने सरकारी कागदांत वारंवार आढळतात. उणीव होती ती तत्त्व अंमलात आणणाऱ्या यंत्रणेची. ज्या एका शिक्षणक्षेत्रात ही उणीव जाणीवपूर्वक दूर करण्यात आली, ते म्हणजे राजर्षी शाहू छत्रपतींचे करवीर संस्थान. त्या प्रयोगाचे अवलोकन करणे आणि त्याच्या तुलनेत मुंबई इलाख्यात काय घडले हे पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

तत्त्व मान्य, प्रवेश अमान्य

या इतिहासाचा आरंभ १८५६ सालच्या धारवाडपासून करणे सोयीचे आहे. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये तेथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने दिलेला निर्णय आजही वाचण्यासारखा आहे. मुलाची बाजू न्यायाची आहे, हे सरकारने नाकारले नाही. परंतु एका अर्जदारासाठी सवर्ण मुलांनी भरलेली शाळा ओस पडण्याचा धोका पत्करणे योग्य होणार नाही, असे कारण देऊन त्यास प्रवेश नाकारला. न्याय एका बाजूस आणि निर्णय दुसऱ्या बाजूस, अशी ही विभागणी होती.

हे प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे व तेथून लंडनला कंपनीच्या संचालकांकडे गेले. १८५८ मध्ये संचालकांनी स्पष्ट केले की, सरकारी शाळा कोणताही भेद न करता सर्व वर्गांना खुल्या असाव्यात. म्हणजे तत्त्वाचा निकाल १८५८ मध्येच लागला होता. पुढे १८८२ च्या हंटर आयोगानेही हे तत्त्व पुन्हा मान्य केले. परंतु त्याच्या अंमलबजावणीत सावधगिरी बाळगावी आणि आवश्यक तेथे वेगळ्या शाळा काढाव्यात, अशी पळवाटही त्याच आयोगाने ठेवली. परिणामी जेथे वेगळी शाळा नव्हती, तेथे आपली मुले ओसरीवर किंवा दाराबाहेर राहिली आणि जेथे ती होती, तेथे गावाची शाळा त्यांच्यापासून सुरक्षित राहिली.

याच हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी निवेदन सादर केले. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी त्यात होती. ही मागणी करणारा मनुष्य केवळ विचारवंत नव्हता. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढून त्याने ती गोष्ट प्रत्यक्षात आणली होती. त्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेची तीन वर्षे मिळताच एक मुलगी संपूर्ण धर्मव्यवस्थेला प्रश्न विचारू शकते, हे पुण्याने तेव्हाच पाहिले होते. परंतु जोतीराव व सावित्रीबाई यांच्या हाती स्वतःचे कष्ट आणि मित्रांची मदत याखेरीज काही नव्हते. सत्ता, तिजोरी व नोकरवर्ग त्यांच्या हाती नव्हता. जोतीरावांचा विचार ज्याने राज्ययंत्रणेच्या बळावर राबविला, तो राज्यकर्ता पुढच्या पिढीत कोल्हापुरास मिळाला.

करवीरचा प्रयोग

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी संस्थानात अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा होत्या आणि पुढील अनेक वर्षे महाराजांनी स्वतःही त्या चालविल्या व वाढविल्या, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. १९०१ पासून कोल्हापुरात निघालेली वसतिगृहेही निरनिराळ्या जातींसाठी व धर्मांसाठी होती. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. आज कोणी या जातवार वसतिगृहांकडे बोट दाखवून महाराजांच्या हेतूविषयी शंका घेऊ शकेल. परंतु खेड्यातून आलेल्या गरीब मुलास शहरात कोणी ओसरीही देत नव्हते, त्या काळात जो समाज आपल्या मुलांसाठी पुढे येईल त्याला जागा व मदत देणे, हाच व्यवहार्य मार्ग होता. महाराजांचे मोठेपण असे की, ते त्या मार्गावर थांबले नाहीत.

२६ जुलै १९०२ च्या हुकुमाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या हुकुमाकडे आपण आरक्षणाचा आरंभ म्हणून पाहतो व ते योग्यच आहे. परंतु त्याचा शिक्षणाशी असलेला संबंधही तितकाच महत्त्वाचा आहे. मुलगा शिकला तरी त्यास नोकरी कोण देणार, असे ज्या बापास वाटते तो मुलाला शाळेत धाडत नाही, गुरे राखण्यास धाडतो. शिक्षणाच्या शेवटी एक दार उघडे आहे, असे दिसल्याखेरीज शिक्षणाच्या आरंभीच्या दारात गर्दी होत नाही. १९०२ च्या हुकुमाने ते शेवटचे दार उघडले.

१९१७ मध्ये संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा करण्यात आला आणि पुढील वर्षापासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या कायद्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळची परिस्थिती ध्यानी घ्यावी लागते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात सक्तीचे शिक्षण लागू केले होते. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानात नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये नामंजूर झाले. खर्च झेपणार नाही आणि लोक तयार नाहीत, ही त्या वेळी पुढे केली जाणारी नेहमीची कारणे होती. कोल्हापूर बडोद्याहून कितीतरी लहान संस्थान. तरीही तेथे ही कारणे ऐकून घेतली गेली नाहीत. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद करण्यात आली. शिक्षण ही पालकाच्या मर्जीची बाब नसून मुलाचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य आहे, ही भूमिका त्या एका रुपयाच्या मागे होती.

परंतु सक्तीच्या शिक्षणाने एक नवाच प्रश्न उभा केला. प्रत्येक मुलाने शाळेत आलेच पाहिजे, असे एकदा ठरविल्यावर अस्पृश्यांच्या मुलाने कोणत्या शाळेत यावयाचे? प्रत्येक गावी दोन शाळा चालविणे कोणत्याही संस्थानाला परवडणारे नव्हते आणि परवडले असते तरी ते योग्य नव्हते. वेगळी शाळा अक्षरओळख देते. परंतु त्याच वेळी, तू इतरांत बसण्यास योग्य नाहीस, हा धडाही रोज देते. पहिला धडा मूल कदाचित विसरेल, दुसरा मात्र त्याच्या मनात जन्मभर राहतो. सवर्ण मुलासही ती शाळा, आपण कोणापासून तरी दूर बसावयाचे असते, हेच शिकविते. म्हणजे वेगळ्या शाळेने दोन्ही बाजूंच्या मुलांचे शिक्षण बिघडते.

१९१९ चे हुकूम

या प्रश्नाचे उत्तर १९१९ साली देण्यात आले. त्या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत, महाराजांनी आपल्या निरनिराळ्या खात्यांना हुकूम दिले. दवाखाने, कचेऱ्या व शिक्षणसंस्था यांत अस्पृश्यांना इतरांप्रमाणेच समान वागणूक मिळाली पाहिजे, असे त्यांत बजावण्यात आले. राज्याच्या साहाय्यावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थाही यातून सुटल्या नाहीत. ज्या नोकरास ही गोष्ट मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा व त्यास निवृत्तिवेतन मिळणार नाही, असेही त्यांत सांगण्यात आले होते. त्याच वर्षी पुढचा हुकूम निघाला : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा दसऱ्यापासून बंद कराव्यात आणि त्यांच्या मुलांना इतर मुलांबरोबर सरकारी शाळांत दाखल करून घ्यावे.

हे हुकूम १८५८ च्या खलित्याशेजारी ठेवून वाचावेत. दोहोंतील तत्त्व एकच आहे. किंबहुना १८५८ चा खलिता अधिक भारदस्त भाषेत लिहिलेला आहे. तरीही एकाने साठ वर्षांत जे साधले नाही ते दुसऱ्याने हाती घेतले. याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण, हुकुमात मुदत होती. दसरा हा दिवस गावातील प्रत्येकास ठाऊक असतो. लोकांची मने तयार झाल्यावर, परिस्थिती अनुकूल झाल्यावर, असे शब्द त्यात नव्हते. ज्या सुधारणेला तारीख नसते ती नेहमी उद्यावर राहते, हा आपला अनुभव आहे.

दुसरे कारण, नियम मोडण्याची किंमत कोणी द्यावयाची हे हुकुमाने बदलले. धारवाडच्या निकालात सवर्णांच्या हट्टाची किंमत त्या महार मुलाने दिली होती. करवीरच्या हुकुमात ती शिक्षकाने व अधिकाऱ्याने द्यावयाची होती, तीही स्वतःच्या नोकरीने व निवृत्तिवेतनाने. भेदभाव हा पाप आहे की नाही, यावर वाद घालीत बसणाऱ्या मनुष्यालासुद्धा आपले निवृत्तिवेतन कशास म्हणतात हे नीट समजते. महाराजांनी शिक्षकाचे मन बदलण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी त्याचे वर्तन बदलले आणि मन त्यामागून येईल असा भरवसा ठेवला.

तिसरे कारण, शाळेभोवतालचे जगही त्याच वेळी हलविले गेले. १९१८ मध्ये महारवतन व कुलकर्णीवतन रद्द करण्यात आले. तलाठ्याच्या कामाचे शिक्षण देऊन त्या जागांवर अस्पृश्यांनाही नेमण्यात आले. अस्पृश्य समाजातील काही शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा देण्यात आल्या. सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा खुल्या करण्याचे हुकूम निघाले. वर्गात शेजारी बसलेले मूल सुट्टीत विहिरीवर मात्र हाकलले जात असेल, तर वर्गातील समता दुपारपर्यंतही टिकत नाही. ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती.

गोणपाटाची आठवण

या तिन्ही कारणांचे मोल बाबासाहेबांना पुस्तकातून समजले नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. शाळा सरकारी होती, म्हणजे १८५८ च्या नियमाप्रमाणे ती सर्वांना खुली होती आणि भीमरावास प्रवेशही मिळाला होता. परंतु तेथील दिवसांविषयी त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज घरून आणावे व घरी न्यावे लागे आणि शिपाई असेल तरच प्यावयास पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. प्रवेश आणि जागा यांतील अंतर मोजावयाचे असेल, तर ते या गोणपाटाने मोजावे.

म्हणूनच १९१९ च्या हुकुमानंतर काही महिन्यांतच करवीरचे छत्रपती आणि तरुण आंबेडकर एकमेकांजवळ आले, ही घटना केवळ योगायोग मानता येत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद झाली. तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी भूषविले आणि तेथे महाराजांनी, तुम्हांला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे, अशी ग्वाही दिली. मे १९२२ मध्ये महाराजांचे निधन झाले, त्या वेळी बाबासाहेब लंडनला शिकत होते.

शाळा मंडळे आणि बाबासाहेबांचा इशारा

महाराजांच्या पश्चात मुंबई इलाख्यात जे घडले, ते या कथेचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार सरकारकडून स्थानिक संस्थांकडे, म्हणजे जिल्हा लोकल बोर्डे व नगरपालिका यांच्या शाळा मंडळांकडे सोपविला. लोकशाहीच्या दृष्टीने हे पुढचे पाऊल होते. गावच्या शाळेचा कारभार गावाजवळच्या, लोकांनी निवडलेल्या मंडळाने पाहावा, यात वरवर पाहता काही वावगे दिसत नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्ट रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांबरोबरच सार्वजनिक शाळाही त्या ठरावाने अस्पृश्यांना खुल्या केल्या होत्या. कायदा व ठराव एकाच वर्षी झाले. आता सर्व ठीक होईल, असे कोणासही वाटले असते.

तसे झाले नाही. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला, कारण स्थानिक संस्था पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करीत नव्हत्या. अशा संस्थांचे अनुदान रोखावे, असा या दुसऱ्या ठरावाचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. परंतु त्या पाण्याला हात लावावयास आपल्या लोकांना २० मार्च १९२७ रोजी संघटित होऊन जावे लागले. तळ्याचे जे झाले तेच शाळांचेही झाले.

बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. १२ मार्च १९२७ रोजी अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात आणि उरलेली पुन्हा निरक्षरतेत लोटली जातात. अबकारीच्या रूपाने लोकांकडून जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. पुढच्या वर्षी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला शिक्षणविषयक निवेदन देण्यात आले. धारवाडच्या प्रकरणापासूनचा सगळा इतिहास त्यात बाबासाहेबांनी मांडला आणि शेवटी ज्या मागण्या केल्या, त्यांत एक मागणी अशी होती की, प्राथमिक शिक्षण शाळा मंडळांच्या ताब्यात देण्याचे थांबवावे.

ही मागणी वाचून आजचा वाचक क्षणभर थबकतो. लोकशाहीचा पुरस्कर्ता लोकनियुक्त मंडळांना विरोध का करतो? उत्तर सरळ आहे. त्या मंडळांवर निवडून येणारे लोक त्याच गावचे, त्याच जातीव्यवस्थेतील होते. ज्यांनी आपल्या मुलांना ओसरीवर बसविले त्यांच्याच हाती शाळेच्या किल्ल्या दिल्या जात होत्या. आपल्या माणसास मंडळावर जागा नाही, असली तर एखादी, तीही नेमणुकीची. अशा स्थितीत स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिक बहुसंख्याकांचे राज्य होते. करवीरला जे एका राजाच्या निश्चयाने साधले, ते इलाख्याच्या मंडळांना साधले नाही, कारण ते साधण्याची इच्छा मंडळात बसलेल्यांना नव्हती.

१९२८ मध्येच मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते व तिचा अहवाल १९३० मध्ये सादर झाला. तरीही ऑगस्ट १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावी काय घडले ते सर्वश्रुत आहे. अस्पृश्य पालकांनी आपली चार मुले गावच्या शाळेत घालण्याचा प्रयत्न करताच त्यांना मारहाण झाली, त्यांच्यावर बहिष्कार पडला आणि त्यांच्या विहिरीत घासलेट ओतण्यात आले. धारवाडच्या अर्जाला त्या वेळी एकोणऐंशी वर्षे झाली होती. नियम त्या मुलांच्या बाजूचा होता, गाव नव्हते.

राजाच्या हुकुमापासून संविधानापर्यंत

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शाहू महाराजांचे उदाहरण थोर असले तरी बाबासाहेबांनी त्यातून, आपणांस चांगला राजा हवा, असा निष्कर्ष काढला नाही. राजाच्या हुकुमाचे आयुष्य राजाच्या आयुष्याशी बांधलेले असते. मंडळांच्या ठरावाचे आयुष्य मंडळातील बहुमताशी बांधलेले असते. दोहोंच्या वर असणारी आणि दोहोंना बांधून ठेवणारी अशी एक गोष्ट हवी होती. ती २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आली. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २९ व्या अनुच्छेदाने राज्याच्या खर्चाने किंवा साहाय्याने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा या कारणाने प्रवेश नाकारण्यास बंदी केली. ४५ व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले. ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची विशेष काळजी घेण्यास सांगितले. महाराजांच्या हुकुमात जे होते ते येथे नागरिकाच्या हक्काच्या रूपाने आले.

बौद्ध वाचकास या ठिकाणी विनयपिटकातील उपालीची कथा आठवल्याशिवाय राहणार नाही. अनिरुद्ध, आनंद आदी शाक्यकुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले तेव्हा त्यांचा न्हावी उपाली त्यांच्याबरोबर होता. आपला कुलाभिमान गळून पडावा म्हणून उपालीला आधी प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती कुमारांनी भगवंतांना केली आणि तथागतांनी उपालीस प्रथम संघात घेतले. संघातील ज्येष्ठता प्रव्रज्येच्या क्रमाने ठरते. त्यामुळे शाक्यकुमारांना आपल्या न्हाव्यास आयुष्यभर वंदन करावे लागणार होते. समता हा केवळ उपदेशाचा विषय न ठेवता ती आसनाच्या क्रमात, वंदनाच्या नियमात बसविली पाहिजे, हे भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले. संघ टिकला तो केवळ करुणेच्या उपदेशावर नव्हे. त्यामागे विनय होता. शाळेलाही विनय लागतो.

आजची वेगळी शाळा

आज जातीच्या नावाने वेगळी शाळा नाही. परंतु वेगळेपण अन्य वाटेने परत येऊ शकते आणि त्याची खूण पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात कोणासही दिसेल. ज्याची फी भरण्याची ऐपत आहे त्याचे मूल खासगी शाळेत जाते. कंत्राटी कामगाराचे, बांधकाम मजुराचे, वीटभट्टीवरील कुटुंबाचे मूल सरकारी शाळेत जाते किंवा कोठेच जात नाही. हळूहळू सरकारी शाळा ही गरिबांची वेगळी शाळा होऊन बसते.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील पहिल्या वर्गाच्या पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, त्या याच वेगळेपणाला उत्तर म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियमांत बदल करून, जवळपास एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या बंधनातून सूट दिली. शेजारी तुमची शाळा आहे, मग आमच्या शाळेत कशाला, हा या बदलाचा अर्थ होता. १९१९ पूर्वीचा युक्तिवादही हाच होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला, हे समाधानाचे आहे. परंतु असा बदल एकशे पाच वर्षांनंतर पुन्हा सुचावा, ही गोष्ट आपल्याला सावध करणारी आहे.

सरकारी शाळा कमी प्रतीचीच असते, हेही खरे नव्हे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या एका आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम यादीत होते. गाव व शिक्षक एकत्र आले तर सार्वजनिक शाळा काय होऊ शकते, याचा हा पुरावा आपल्या दाराशीच आहे.

मग आपण काय करावे? याचे उत्तर १९२८ च्या निवेदनातच शोधावे लागते. शाळा मंडळात आपला आवाज नाही, ही बाबासाहेबांची तक्रार होती. शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. ९ व्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे येथे महापालिका व जिल्हा परिषद यांवर, दोन कर्तव्ये टाकली आहेत : वंचित घटकातील मुलाशी शाळेत भेदभाव होऊ न देणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे. बाबासाहेबांना जे हवे होते ते आज कायद्यात आहे. परंतु समितीची सभा दुपारी असते, आई-वडील पाळीवर असतात आणि सह्या मागाहून घेतल्या जातात, असे होत असेल तर १८५८ च्या खलित्याचा इतिहास आपल्याच हातून पुन्हा लिहिला जाईल.

या पट्ट्यातील प्रत्येक विहाराच्या परिसरात एखादी सार्वजनिक शाळा असतेच. तिच्या समितीवर कोण आहे, सभा केव्हा भरते, वस्तीतील व भट्टीवरील किती मुले अजून पटावर नाहीत, खासगी शाळेतील राखीव जागांवर आलेली मुले वर्गात कोठे बसतात, हे चार प्रश्न विहारातील उपासक-उपासिकांनी दर वर्षी जूनमध्ये विचारावेत. करवीरच्या राजाने आपल्या नोकरांना सहा आठवड्यांची मुदत दिली होती. आपणही उत्तरासाठी एक तारीख ठरवावी आणि त्या तारखेला पुन्हा शाळेत जावे.